पांदणीचा चिखल अन् समृद्धीचं काँक्रीट : लहान गाडीला टायर कोणता घ्यावा?

आंजी (मोठी) : सकाळी पांदणीने वावरात, दुपारी वर्ध्याच्या बाजारात आणि शनिवारी रात्री घरचे पाच जण बसवून येळाकेळीवरून समृद्धी महामार्गाने थेट शिर्डी. धाम नदीच्या या पट्ट्यातल्या कास्तकाराची लहान गाडी, मग ती अल्टो असो, वॅगन आर असो की जुनी ओम्नी, ही तिन्ही कामं त्याच चार टायरवर करते. पावसाळा तोंडावर आला की टायरच्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो : "ते मोठ्या ठोकळ्यांचे बटण टायर बसते का जी माझ्या गाडीले?"

मोबाईलवर रोज दिसणाऱ्या व्हिडिओंमुळे हा प्रश्न वाढला आहे. त्यात उंच गाड्या चिखल उडवत नाल्यातून निघतात आणि पाहणाऱ्याला वाटतं की ही सगळी कमाल टायरची. चार टायरचा खर्च लहान गाडीलाही दहा-बारा हजारांच्या घरात जातो. सोयाबीनच्या पेरणीच्या तोंडावर एवढे पैसे चुकीच्या रबरावर घालणं परवडणारं नाही. आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे, चिखलासाठी हौसेने घेतलेल्या त्याच टायरवर पुढे शंभरच्या वेगाने घरचे लोक बसणार असतात.

सरळ सांगायचं तर लहान गाडीला बटण टायर शोधण्यात अर्थ नाही. कंपनीने दिलेल्या मापाचा, उंच आणि मजबूत बाजूचा, ताज्या तारखेचा टायर घ्यावा आणि त्यातली हवा नीट सांभाळावी. असं का, ते समजून घ्यायला लहान गाड्या घेऊन हजारो किलोमीटर जाणारे लोक काय करतात, ते आधी पाहू.

रॅलीवाले काय पाहतात

लांब पल्ल्याची मोटार रॅली महाराष्ट्राला नवी नाही. २४ नोव्हेंबर १९६८ ला लंडनहून सिडनीकडे एक मोठी रॅली निघाली होती. ९८ गाड्या युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि दिल्ली करत मुंबईला आल्या. तिथून वाचलेल्या गाड्या चुसान नावाच्या जहाजावर चढवून ऑस्ट्रेलियाला नेल्या. १७ डिसेंबरला सिडनीत पहिली ठरली ती हिलमन हंटर, म्हणजे त्या काळची साधी घरगुती चारचाकी. तिच्यापेक्षा वेगवान गाड्या मैदानात होत्या, पण काही वाटेत मोडल्या, काही ठोकल्या गेल्या.

अलीकडे, २०२५ च्या जानेवारीत, पुण्याचे रॅलीपटू संजय टकले सौदी अरेबियात डाकार क्लासिक रॅलीत उतरले. या प्रकारात जुन्या गाड्या असतात आणि कोण सगळ्यात जोरात पळतो यापेक्षा ठरवून दिलेला सरासरी वेग कोण राखतो, हे मोजतात. अर्थात तिथल्या गाड्या चारही चाकं ओढणाऱ्या, उंच. त्यांचे टायर पाहून आपल्या अल्टोला टायर ठरवू नये.

आपल्याला जास्त जवळची आहे ती मंगोल रॅली. २००४ मध्ये सुरू झालेल्या या रॅलीचा सुरुवातीचा नियमच असा होता की गाडीचं इंजिन एक लिटरपेक्षा मोठं नको. म्हणजे आपल्या आठशे किंवा के-टेनच्या वर्गातल्या गाड्या. इंग्लंडहून मंगोलियापर्यंत, काही हजार किलोमीटर डांबर आणि शेवटी गोट्यांची, धुळीची, नाल्यांची वाट. या गाड्यांना खऱ्या अर्थाने चिखलाचे टायर मिळतच नाहीत, कारण १२ आणि १३ इंचाच्या रिमसाठी ते फारसे कोणी बनवत नाही. म्हणून तिथे दुसरा विचार होतो. टायरची बाजू दगडाने फाटू नये, गाडी भरल्यावर टायर दबून गरम होऊ नये आणि फाटलाच तर सोबत दुसरा असावा. कोणी मालवाहू गाडीचा जाड टायर घालतो, बरेच जण साधेच टायर घालून एकाऐवजी दोन स्टेपन्या नेतात.

रॅलीचा बहुतेक रस्ता पक्काच असतो आणि वाईट रस्ता थोडा. आंजीच्या कास्तकाराचं गणितही तेच आहे. वर्षभरात गाडी शंभर किलोमीटर चालली तर त्यातले पांदणीचे किती? घरापासून वावरापर्यंत दोन-तीन किलोमीटर, तेही झड लागली की गाडी घरीच उभी राहते. उरलेले सगळे डांबराचे किंवा काँक्रीटचे.

काळी माती कोणाचंच ऐकत नाही

आपल्याकडची काळी कसदार माती ओली झाली की फुगते आणि चिकटते, वाळली की तिला भेगा पडतात. रेतीत टायर रुतते, गोट्यांवर ते उडते, पण काळ्या मातीत ते मातीने मढते. टायरच्या खाचा चार चक्करमध्ये गाऱ्याने भरतात आणि नवा टायरही गोटा झाल्यासारखा गुळगुळीत होतो. बटण टायरच्या रुंद खाचा थोड्या उशिरा भरतात. चाक जोरात फिरलं तर त्या खाचांतली माती बाहेर फेकली जाते, हे खरं. पण तेवढ्या जोरात चाक फिरवायला लागणारी ताकद आणि चारही चाकांची ओढ लहान गाडीत नसते. तिची दोनच चाकं ओढतात.

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला उंच दात असतात, तरी पऱ्हाटीच्या वावरात ऐन पावसात ट्रॅक्टरही फसतो, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. मग हजार-बाराशे किलोच्या गाडीला बोटभर उंचीचे ठोकळे लावून काय होणार?

दुसरी अडचण टायरच्या हातातच नाही. पांदणीवर ट्रॅक्टरने पाडलेली चाकोरी कधी कधी फूटभर खोल जाते. लहान गाडीच्या पोटाखाली जागा असते साधारण १६० ते १७० मिलिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. दोन्ही चाकं चाकोरीत गेली की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला टेकतो. मग टायर जगातला सर्वात महागडा असला तरी तो हवेतच फिरतो. यावर उपाय गाडी चालवण्यात आहे. एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं धुऱ्याकडच्या काठावर ठेवून, दुसऱ्या गिअरमध्ये, थांबू न देता गाडी काढायची. फसलीच तर ॲक्सिलेटर दाबू नये. चाक जागेवर फिरलं की खालची माती घोटून आणखी गुळगुळीत होते आणि गाडी इंच-इंच खाली जाते. ओढणाऱ्या चाकासमोर तुराट्या, पऱ्हाट्या किंवा बारदाना घालून, आधी थोडी मागे घेऊन मग पुढे काढावी.

इथे एक फरक लक्षात ठेवण्यासारखा. अल्टो, वॅगन आर, स्विफ्ट, टियागो, क्विड या गाड्यांची पुढची चाकं ओढतात आणि इंजिनचं वजनही पुढेच असतं, म्हणून त्या चिखलात थोड्या बऱ्या. ओम्नी आणि इको मागच्या चाकांवर ओढतात. रिकामी असली तर मागचा भाग हलका पडतो आणि चाक लगेच घसरतं. अशा गाडीत मागे दोन पोती ठेवली की फरक जाणवतो.

आणखी एक जुना अनुभव. लोखंडी धाव असलेली अरुंद चाकाची बंडी चिखलात खालपर्यंत रुतून कडक थर गाठायची आणि बैलं जोरावर ओढून न्यायची. वरचा थर ओला आणि खाली वीतभरावर घट्ट जमीन असेल तर अरुंद टायर फायद्याचा, कारण तो वरचा गारा कापून खाली टेकतो. रुंद टायर वरच तरंगतो आणि घसरतो. त्यामुळे "चिखलासाठी रुंद टायर टाका" हा दुकानातला सल्ला आपल्या मातीत उलटा पडू शकतो. लहान गाडीचा १४५ किंवा १५५ चा टायर अरुंद आहे म्हणून वाईट वाटून घेऊ नये.

टायर फाटतो तो बाजूने

चिखल तीन-चार महिन्यांचा. बाकी आठ महिने टायरचे शत्रू वेगळे. पांदणीवर मुरूम टाकून खडीकरण झालं की वर राहते ती काळ्या दगडाची धारदार गिट्टी. पऱ्हाटी कापल्यावर राहिलेले खुंट विळ्याच्या तिरप्या घावामुळे खिळ्यासारखे टोकदार होतात. तुरीचे खुंट त्याहून कडक. बाभळीचा काटा तर सगळ्यांच्या ओळखीचा. काटा किंवा खिळा टायरच्या तळात घुसला तर पंक्चर निघतं. खुंट किंवा गिट्टी टायरच्या बाजूत, म्हणजे कंपनीचं नाव लिहिलेलं असतं त्या भागात घुसली, तर टायर गेला. बाजूच्या फाटीला कोणताच पॅच विश्वासाचा नाही, कारण तोच भाग प्रत्येक चक्करला वाकतो.

म्हणून वावराच्या रस्त्याला लागणाऱ्या गाडीत नक्षीच्या आधी बाजू पाहायची. ती कशी पाहायची हे टायरवरच लिहिलेलं असतं. समजा लिहिलं आहे १४५/८० आर १३ ७५ टी. १४५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे ११६ मिलिमीटर. १३ म्हणजे रिम १३ इंचाची. ७५ हा वजनाचा आकडा, तो सांगतो की पूर्ण हवेवर हा एक टायर ३८७ किलो पेलतो. शेवटचं अक्षर वेगाचं. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०.

यातला मधला आकडा, ८० किंवा ६५ किंवा ५५, हाच आपल्या कामाचा. स्विफ्टचंच उदाहरण घ्या. खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर येतो, वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५. जमिनीपासून दोघांची उंची जवळपास सारखीच, ६२० मिलिमीटरच्या आसपास. पण पहिल्यात रिम आणि जमीन यांच्यामध्ये १३२ मिलिमीटर रबर आहे, दुसऱ्यात १२०. कोणी हौसेने १६ इंचाचं अलॉय आणि १९५/५५ चा टायर घातला तर उरतात १०७. खड्ड्यात आदळल्यावर हाच फरक रिम वाकण्यात आणि टायर चिमटून फुटण्यात दिसतो. गावातल्या गाडीला लोखंडी रिम आणि उंच टायर हेच बरं. वाकलेलं लोखंडी रिम हातोडीने सरळ होतं, अलॉयला तडा गेला की ते भंगारात.

बटण, मालवाहू की साधा?

बाजारात तीन जाती सांगितल्या जातात. एच.टी. म्हणजे पक्क्या रस्त्याचा, ए.टी. म्हणजे पक्का-कच्चा दोन्हीचा, एम.टी. म्हणजे निव्वळ चिखलाचा. ए.टी. आणि एम.टी. जीप, बोलेरो, थार अशा १५ इंच आणि त्यावरच्या रिमच्या गाड्यांसाठी सहज मिळतात. १२ आणि १३ इंचात खरा ए.टी. जवळपास मिळतच नाही. दुकानदाराने "ए.टी. सारखी नक्षी" म्हणून काही दाखवलं तर ती नक्षी बहुतेक वेळा फक्त दिसायला असते.

मालवाहू टायरचा पर्याय मात्र खरा आहे. टायरवर एलटी किंवा सी असं अक्षर आणि ६ पीआर, ८ पीआर असं लिहिलेलं असतं. टाटा एससारख्या छोट्या हत्तीला १४५ आर १२ एलटी मापाचा टायर असतो. पीआरचा आकडा म्हणजे तेवढे थर प्रत्यक्ष असतातच असं नाही, तेवढ्या थरांइतकी ताकद एवढाच त्याचा अर्थ. माप जुळत असेल तर रॅलीवाले हाच टायर लहान गाडीला घालतात. बाजू जाड, दगड-खुंट सहन करणारी. पण त्याची किंमतही मोजावी लागते. गाडी कडक चालते, पाठीला दणके बसतात. रबर टिकाऊ असलं तरी ओल्या डांबरावर ब्रेक मारल्यावर पकड कमी पडते. काहींची वेगाची मर्यादाही कमी असते, ती अक्षरावरून तपासावी लागते.

ज्याची गाडी जवळजवळ रोज वावरात जाते, दूध, भाजी, खताच्या पिशव्या वाहते आणि समृद्धीला कधीतरीच लागते, त्याने असा टायर घ्यायला हरकत नाही, आधी रिमला आणि गाडीला बसतो का हे पाहून. ज्याची गाडी महिन्यातून दोनदा नागपूर-शिर्डी करते, त्याने घेऊ नये. त्याच्यासाठी साधा प्रवासी टायरच चांगला, फक्त नक्षी जरा खोल आणि कडेला उघड्या खाचा असलेली निवडावी.

ऑनलाईन कधी कधी एम अधिक एस अशी खूण असलेले, बर्फाच्या देशातले टायर स्वस्तात दिसतात. त्यातले जे खास हिवाळी असतात त्यांचं रबर थंडीसाठी मऊ केलेलं असतं. वर्ध्याचा पारा ४५ च्या वर जातो, तिथे ते साबणासारखं झिजेल.

मोठं माप टाकायचा मोह

"एक नंबर मोठा टायर टाकला की गाडी उंच होते," असं सांगणारे भरपूर आहेत. हिशेब करून पाहू. १४५/८० आर १३ ची पूर्ण उंची ५६२ मिलिमीटर. त्याऐवजी १५५/८० आर १३ टाकला तर ५७८. वाढ १६ मिलिमीटरची, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे फक्त ८ मिलिमीटर. ट्रॅक्टरच्या फूटभर चाकोरीपुढे ८ मिलिमीटरचं काय? उलट ओढायला इंजिनवर जोर पडतो, ॲव्हरेज घटतं, वळताना टायर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो आणि काट्यावर १०० दिसत असताना गाडी १०३ च्या आसपास पळत असते. पूर्ण उंचीत तीन टक्क्यांपर्यंत फरक चालतो असं धरतात, त्यापुढे जाऊ नये. कंपनीने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराला दिलेलं माप असेल तर ते सगळ्यात निर्धोक.

हवा : फुकटची, पण सगळ्यात महत्त्वाची

किती हवा ठेवायची हे ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. लहान गाड्यांचा आकडा बहुधा ३० ते ३३ च्या आसपास असतो. भरलेल्या गाडीसाठी बऱ्याचदा मागच्या चाकांचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो कोणी वाचत नाही. टायरच्या बाजूवर लिहिलेला मोठा आकडा जास्तीत जास्त हवेचा असतो, तेवढी भरायची नसते. हवा टायर थंड असताना मोजावी, वर्ध्यापर्यंत पळवून आणल्यावर नाही.

रेतीत रॅलीवाले हवा कमी करतात, कारण टायर पसरतो आणि जमिनीला जास्त चिकटतो. धामच्या पात्राकडच्या रेताड वाटेवर किंवा मऊ मातीत ही युक्ती आपल्यालाही उपयोगी आहे, पण चार-पाच पॉइंटच्या वर कमी करू नये. ट्यूबलेस टायरची हवा फार उतरवली तर वळताना टायरची कड रिमवरून सुटते आणि सगळी हवा एका क्षणात जाते. गिट्टीच्या रस्त्यावर हवा कमी करणं तर चुकीचंच, बाजू फुगून बाहेर येते आणि दगडाला आयती सापडते. आणि एकदा कमी केली की डांबराला लागण्याआधी पुन्हा भरलीच पाहिजे. त्यासाठी गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप नाही तर पायाचा पंप जवळ हवा. पंप नसेल तर हवा कमी करायच्या भानगडीत पडूच नये.

समृद्धीवर चढण्याआधी

समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता झाला. कारसाठी वेगमर्यादा १२० ची. सुरुवातीच्या महिन्यांतच टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा २०२३ मध्ये परिवहन विभागाने महामार्गावर चढण्याच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली. घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या. लोक तेव्हा चिडले. पण रस्ता सरळ, वेग सलग आणि खाली तापलेलं काँक्रीट, अशा ठिकाणी टायरची परीक्षा वेगळीच होते.

टायर फुटतो तो बहुतेक वेळा उष्णतेने. हवा कमी असली की प्रत्येक चक्करला बाजू जास्त वाकते, वाकल्याने गरम होते. पाच माणसं, डिकीत सामान आणि वर कॅरिअरवर गाठोडी असली की आणखी वाकते. गावातल्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटरनंतर गाडी थांबते आणि टायर थंड होतो. समृद्धीवर तो दीड-दोन तास सलग तापत राहतो. हवा जास्त असली की टायर फुटतो, ही समजूत सगळीकडे आहे आणि म्हणून लोक उन्हाळ्यात मुद्दाम हवा कमी ठेवतात. हे बरोबर उलटं आहे. पट्टीवर लिहिलेली थंड टायरची हवा उन्हाळ्यातही तीच ठेवायची.

पांदणीवर चालणाऱ्या गाडीची एक वेगळी अडचण आहे. रिमच्या आतल्या बाजूला काळी माती चिकटून वाळते. डोळ्याला दिसत नाही. गावात चालवताना कळतही नाही. ८० च्या पुढे गेलं की स्टेअरिंग थरथरायला लागतं, मग माणूस बॅलन्सिंगला पैसे घालतो. महामार्गाला लागण्याआधी चाकाच्या आतून पाइपचं पाणी मारून माती काढावी. त्याच वेळी टायरच्या आतल्या बाजूवर हात फिरवून कुठे फुगारा किंवा चीर आहे का ते पाहावं. फुगारा म्हणजे आतले धागे तुटले आहेत. असा टायर गावात पाच वर्षं चालेल असं वाटतं, पण महामार्गावर नेऊ नये.

नक्षीची खोली कायद्याने कारसाठी किमान १.६ मिलिमीटर हवी. मोजायला काही लागत नाही. मुख्य खाचेच्या तळाशी छोटे आडवे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पावसात मात्र तीनच्या खाली गेल्यावरच पाणी बाहेर फेकायची ताकद बरीच कमी झालेली असते.

गावातल्या गाड्यांमध्ये नक्षीपेक्षा वयाचा धोका जास्त. गाडी वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच चालते, नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर उन्हात उभं राहून वाळलेलं असतं. टायरच्या बाजूवर चार आकडे एका चौकटीत असतात. २३२४ असेल तर तो २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पाच वर्षांनंतर दरवर्षी नीट तपासून घ्यावा, दहा वर्षांचा टायर नक्षी कितीही असो, काढून टाकावा. बारीक भेगा दिसू लागल्या तर एवढंही थांबू नये. नवा घेतानाही हे आकडे आधी पाहावेत. दोन वर्षं दुकानात पडलेला टायर नवा म्हणून घेताना भाव तरी कमी करून मागावा.

स्टेपनी, ट्यूब आणि दोनच नवे टायर

२०२० च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचा संच असलेल्या कारला स्टेपनी नसली तरी चालेल, अशी सूट मिळाली. शहरातल्या माणसाला हे ठीक. पऱ्हाटीच्या खुंटाने बाजू फाटली तर त्या संचाचा काही उपयोग नाही. खरांगण्याकडच्या जंगलाच्या रस्त्यावर रात्री अडकायचं नसेल तर स्टेपनी असलीच पाहिजे, आणि तिच्यात हवा असली पाहिजे. वर्षानुवर्षं डिकीत पडलेली स्टेपनी ऐनवेळी बसलेली निघते. काही गाड्यांना स्टेपनी अरुंद किंवा वेगळ्या मापाची येते. ती फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंत पोहोचण्यासाठी असते, तिच्यावर शिर्डी करू नये.

ट्यूबलेसमध्ये सारखी हवा जाते म्हणून आत ट्यूब टाकून घेणं गावात सर्रास चालतं. वावरात जाण्यापुरतं चालेल. पण आत ट्यूब आणि टायर एकमेकांना घासून तापतात आणि काटा लागला तर हवा हळूहळू न जाता भस्सकन जाते. समृद्धीसाठी हा जुगाड नको. रिमची कड गंजली असेल तर ती घासून साफ करणं हा खरा इलाज, हवा जाण्याचं कारण बऱ्याचदा तेच असतं. वरून नवी नक्षी चिकटवलेल्या रिमोल्ड टायरबद्दलही तेच सांगावं लागेल. ट्रॉलीला ठीक, घरच्यांना बसवून शंभरने जायला नाही.

पैसे दोनच टायरचे असतील तर नवे कुठे टाकायचे, यावर पारावर वाद होतात. पुढची चाकं ओढतात, वळतात, म्हणून नवे पुढे, असं बहुतेकांचं मत आणि चिखलापुरतं ते बरोबर. टायर कंपन्या मात्र नवे मागे टाकायला सांगतात. ओल्या रस्त्यावर पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाते आणि ॲक्सिलेटर सोडला की बरेचदा सावरते, मागचं घसरलं तर गाडी गर्रकन फिरते आणि साध्या माणसाला ती सावरत नाही. चिखलात गाडी फसली तर ट्रॅक्टर बोलावता येतो. त्यामुळे नवे मागे, आणि पुढे ठेवायचे तेही निम्म्याहून जास्त नक्षी शिल्लक असलेले. पुढचे गोटा झाले असतील तर मग चारही बदलावे लागतात, दोनवर भागत नाही.

दुकानात गेल्यावर जुने टायर काढण्याआधी त्यांच्याकडे एकदा नीट पाहावं. दोन्ही कडा जास्त झिजल्या असतील तर हवा कायम कमी राहिली आहे, फक्त मधला भाग झिजला असेल तर जास्त. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडली आहे, आणि पांदणीच्या खड्ड्यांतून जाणाऱ्या गाडीची ती बिघडतेच. ती न करता नवे टायर चढवले तर तेही वर्षभरात तसेच झिजतील. बसवून झाल्यावर नट मशीनने आवळले असतील तर घरून आणलेल्या पान्याने एक नट तिथेच सोडवून पाहावा. मशीनने फार घट्ट बसलेला नट रात्री रस्त्यावर पायाने पाना दाबूनही सुटत नाही.